बागवान सिस्टरांचा ताळा

"एका अँप्युलमध्ये भागतंय का दुसरी फोडायला लागतीय? आधी सांग, मग पेन उचल." आता निवृत्त झालेल्या बागवान सिस्टर रोज हेच विचारायच्या आणि मी घाबरून पुन्हा पहिल्यापासून मोजायची. सोलापुरातल्या त्या दवाखान्यात मी नवी होते. विड्या वळणाऱ्या आईची मुलगी, घराण्यातली पहिली पदवीधर. सूत्र मला तोंडपाठ होतं: डॉक्टरांच्या कागदावरचा डोस भागिले अँप्युलमधलं, म्हणजे काचेच्या कुपीतलं, औषध, गुणिले अँप्युलचे मिली. पण त्यात आकडे घालताना समोर माणूस धापा टाकत असतो, हे कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं.

"काय गं बीएस्सीबाई, वरचा आकडा खाली गेला तर पेशंट वर जातो की!" असं हसत म्हणायच्या आणि लगेच दरडावायच्या, "आता उलटं मांड. भरलेल्या मिलीवरनं डोस काढ. कागदाशी जुळला तरच सुई." याला त्या ताळा म्हणत. माझा त्या करायच्या, त्यांचा मी करायचा, असा त्यांचाच नियम. मी मात्र न मोजताच मान हलवायची. त्यांना कोण तपासणार?

एका दुपारी दम्याच्या आजोबांना शंभर मिलिग्रॅम द्यायचे होते. सिस्टरांनी नेहमीसारखे चार मिली भरले. मी रिकामी अँप्युल सहज उचलली. औषध तेवढंच, अडीचशे मिलिग्रॅम. पण कंपनी नवी, आणि दहाऐवजी पाच मिलीत. चार भागिले पाच, गुणिले अडीचशे. दोनशे! दुप्पट. मी पुन्हा मांडलं, पुन्हा दोनशेच. माझंच चुकत असेल तर? सिस्टर आजोबांच्या हातावर वाकल्या.

"सिस्टर, थांबा." आवाज रडल्यासारखा निघाला.

"का गं? त्यांचा मुलगा बघतोय."

"दोनशे येतंय."

त्यांनी अँप्युल घेतली, डोळ्यांजवळ धरून वाचली. सिरिंज ट्रेमध्ये ठेवताना खडखडली. "या अल्लाह." मग हळू म्हणाल्या, "दोन मिली तू भर. ताळा मी करते."

आजोबांची धाप ओसरल्यावर त्या स्टुलावर टेकल्या. मी माफी मागायला लागले.

"येडी हायस का? इतकी वर्सं हे इंजेक्शन देताना मी लई भ्याले. आज भ्या वाटलं न्हाय, तितंच चुकले."

रजिस्टरमध्ये चूक त्यांनी स्वतःच्या नावानं लिहिली. थांबवणारीची सही करायला पेन माझ्याकडे दिलं. माझा हात थरथरत होता. मी तो दुसऱ्या हातानं धरायला गेले.

"धरू नको," सिस्टर म्हणाल्या. "थरथरू दे."