मुंग्यांची साक्ष

माणसांनी माझं फारसं कधी ऐकलं नाही, पण बैल ऐकत. मी गुरांच्या दवाखान्यात स्टॉकमन, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखालचा मदतनीस, होतो. बाभुळगावच्या आसपासची खेडी आणि तांडे सायकलीवर हिंडायचो, आणि लोक मला कौतुकानं 'ढोरायचा डाक्टर' म्हणायचे. पोट फुगलेल्या बैलाला दोन दिवस सरकीची ढेप द्यायची नाही असं मी बजावलं, की मालक ती देत नसे आणि बैलही निमूट उपाशी उभा राही. पुढे यवतमाळच्या डॉक्टरांनी मलाच पथ्य सांगितलं, तेव्हा माझ्यात बैलाइतकंही शहाणपण निघालं नाही.

सत्तावन-अठ्ठावनचा काळ असेल. आमचा जिल्हा नुकताच नागपूरच्या राज्यातून निघून मुंबईच्या राज्यात गेला होता आणि कचेरीतली मंडळी शिक्के बदलण्यात गुंतली होती. त्या गडबडीत माझी तहान वाढली, वजन उतरलं, आणि सायकलवरून दर मैलाला उतरून बाभळीच्या आडोशाला जाणं सुरू झालं. डॉक्टरांनी निळ्या औषधात माझ्या लघवीचे थेंब टाकले आणि काचेची नळी दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि शेवटी विटेसारखं लाल. मला वाटलं, इतके रंग निघाले म्हणजे काहीतरी चांगलंच असणार.

"मधुमेह आहे," डॉक्टर म्हणाले. "साखर बंद. गूळ बंद. भात नावाला. बटाटा, केळी, सगळं बंद. ज्वारीची भाकर खा, पालेभाजी खा."

हे सगळं मी बायकोला सोबत घेऊन ऐकलं, ही माझी पहिली चूक. त्या दिवसापासून घरात मेथी, कारलं, अंबाडी आणि पुन्हा मेथी असा फेरा सुरू झाला. भाकर ती स्वतः तोडून वाढायची. आळीत ज्याला म्हणून तोंड होतं त्याच्याकडे औषध होतं. कुणी जांभळाच्या बियांची पूड आणून दिली, कुणी कडुलिंबाचा पाला, कुणी बेलाची पानं. मी ते सगळं खाल्लं. पथ्याच्या नावानं जे काही कडू असेल ते खायला माझी कधीच ना नव्हती. फक्त गोड सोडायला होती.

आणि गोड मला तांड्यांत मिळायचं. तांड्यांतले हे लोक एकेकाळी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून देशभर फिरलेले, आता आपापल्या तांड्यात कापूस आणि तूर पिकवत होते. घरात आपसात गोर बोली बोलायचे, माझ्याशी वऱ्हाडी. बैलावर त्यांचा जीव, म्हणून बैलाच्या डॉक्टरावरही. कुठल्याही घरी गेलं की काळा, दाट, गुळाचा चहा पुढे यायचा. डॉक्टरांनी गोड खायला मनाई केली आहे, पिण्याबद्दल ते काही बोलले नाहीत, असं मी स्वतःला समजावत असे. दिवसाकाठी चार घरी चार कप व्हायचे. कुठे लापशी असली तर तीही होई, आणि तिच्याबाबतीत मी स्वतःला काहीच समजावत नसे.

घरी आलो की बायको दारातच विचारी, "आज कुठी गोड खाल्लं तं नाही ना जी?"

"छे."

"मंग मिशीले काय चिकटलं?"

मिशी काढून टाकावी, असा विचार मी त्या वर्षी पुष्कळदा केला.

मग एकदा नवीन बुटानं टाचेला फोड आला. फुटला, चिघळला, आणि काही केल्या भरेना. जनावरांचे सडलेले खूर मी पुष्कळ पाहिले होते. त्या वासाची मला ओळख होती. एक दिवस बूट काढला आणि तोच वास आला, तेव्हा माझी चांगलीच तंतरली. डॉक्टरांनी टाच पाहिली, पुन्हा ती नळी तापवली, पुन्हा वीट निघाली. "असंच चालू ठेवा," ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे आधी बोटं काढू, मग पाऊल." घरी आल्यावर बायकोनं माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली. मी घेतली. आणि ऐकणाऱ्याला खरं वाटणार नाही, पण पाळलीही. पुढचे कित्येक दिवस मी तांड्यात चहा आला की "आत्ताच घेतला" म्हणायचो आणि कपाकडे पाठ करून बैलाचे दात तपासायचो. जखम सुकायला लागली. स्वतःबद्दल मला इतका आदर वाटू लागला की चालताना मी थोडा ताठ चालत असे.

नेमकी त्याच दिवसांत ती सगाई आली.

एका तांड्यात माझ्या ओळखीचा एक शेतकरी होता. त्याची मुलगी लग्नाची होती. तिची सगाई आधी एकदा ठरून मोडली होती. दोष तिचा काहीच नव्हता, पोराकडच्यांनी शब्द फिरवला होता. पण एकदा मोडली की लोक पोरीकडेच बघतात. दुसऱ्यांदा मोडली असती तर तिला पुन्हा कुणी विचारलं नसतं, हे तिच्या बापाला माहीत होतं आणि तिलाही. माझ्या फिरतीच्या दुसऱ्या टोकाच्या तांड्यात एक चांगला, कष्टाळू पोरगा मला दिसला. मी बैलाला सुई टोचताना त्यानं बैलाच्या कानात काहीबाही बोलत त्याला शांत ठेवलं होतं. एवढ्यावरून मी दोन्हीकडे गोष्ट काढली, आणि ती जमली.

तांड्यात सगाई पक्की करतात ती गूळ खाऊन. गुळाला ते गोळ म्हणतात. दोन्हीकडची वडील माणसं बसतात, तांड्याचा नायक, म्हणजे मुख्य माणूस, मधे बसतो, थाळीतला गूळ फिरतो आणि प्रत्येकजण खातो. खाल्ला म्हणजे शब्द दिला. बाहेरच्या माणसाला या बैठकीत सहसा बसवत नाहीत, पण दुवा मी जुळवला म्हणून मला बसवलं होतं, तेही नायकाच्या शेजारी. माझा ताठा त्या दिवशी आणखी दोन बोटं वाढला होता.

थाळी माझ्यापुढे आली. मी हात जोडले आणि मोठ्या नम्रपणे म्हणालो, "मले माफ करा."

थाळी धरणारा माणूस तसाच वाकून राहिला.

पोराचा काका, मोठ्या पागोट्याचा उग्र माणूस, म्हणाला, "डाक्टरसाहेब काहून गोळ घेऊन नाही राह्यले?"

"मले गोड चालत नाही. बिमारी हाय."

"कायची बिमारी?"

"साखरेची. लघवीतून साखर जाते."

मागून कुणीतरी म्हणालं, "माणूस हाय का ऊस?" आणि दोन-चारजण हसले. काका हसला नाही.

"दोन महिन्यामागं तुमी आमच्या घरी गुळाचा चहा पेलते. दोन कप. तवा नोयती बिमारी?"

"होती."

"मंग काहून पेले?"

मी मिशीवरून हात फिरवला.

काका उठून उभा राहिला. "साहेब दोनी घरं फिरते, दोनी घरची माणसं पाह्यते. आता ऐन टाइमाले त्याईनं हात जोडले. म्हंजे पोरीचं काही तरी मालूम हाय त्याईले." त्यावर मुलीकडचे भडकले, खोट असलीच तर ती पोरात असणार, असं त्यांच्यातला एकजण बोलून गेला. मुलीचा बाप खाली मान घालून जमिनीवरची काडी मोडत होता. घराच्या दाराशी मुलगी उभी होती. तिनं ओढणीचं टोक दातात धरलं होतं आणि ती माझ्याकडे बघत होती. मला तेव्हा पहिल्यांदा समजलं की माझ्या टाचेपलीकडेही जग आहे.

"आणा तो गोळ," मी म्हणालो, "खातो."

"आता कायले?" काका म्हणाला. "जबरीनं खाल्लेला गोळ आमी मानत नाही."

म्हणजे खाल्ला तरी पंचाईत, न खाल्ला तरी पंचाईत. शेवटी नायकानं हात वर केला. म्हातारा शांत माणूस होता. "माह्या बापाच्या टाइमले एका सावकाराले अशीच बिमारी होती," तो म्हणाला. "तो जिथं लघवीले जाये, तिथं मुंग्या लागत. साहेब, तुमी त्या निंबामागं जाऊन या. मुंग्या आल्या तं तुमी खरे."

मी सरकारी नोकर, अंगात खाकी कोट, आणि दोन तांड्यांच्या पंचांसमोर कडुनिंबाच्या झाडामागे जाऊन पुरावा सादर करायला निघालो. जाऊन आलो. मग नायक, काका आणि आणखी काही म्हातारे निंबाभोवती बसले आणि सगळ्यांनी जमिनीकडे बघत चिलीम ओढली.

एकही मुंगी आली नाही.

येणार कुठून? मी जन्मात पहिल्यांदा प्रामाणिकपणे पथ्य पाळलं होतं! त्याआधीच्या वर्षात कधीही हीच जमीन ओली केली असती तर तालुक्यातल्या मुंग्या जत्रेला आल्यासारख्या आल्या असत्या. आणि आता, एका पोरीचा संसार माझ्या लघवीवर अडला असताना, ती पाण्यासारखी निर्मळ होती. काकानं कपडे झटकले आणि आपल्या माणसांना बैल जुंपायला सांगितलं. मुलीची आई घरात जाऊन रडू लागली. बाहेर ऐकू येत होतं.

मी थाळीजवळ गेलो, गुळाचा एक मोठा खडा उचलला आणि तोंडात टाकला. मग दुसरा टाकला. "हा सगाईचा गोळ नाही," मी नायकाला म्हणालो, "हे औषध समजा. दोन चिलमा होईस्तोवर थांबा, मंग मी पुन्हा जातो निंबामागं."

नायकानं काकाकडे बघितलं. काका कुरकुरत बसला. बैल जुंपलेले तसेच ठेवले. त्या वेळात मी तांब्याभर पाणी प्यायलो आणि मनातल्या मनात आयुष्यात पहिल्यांदाच देवाकडे साखर मागितली.

दुसऱ्यांदा गेलो तो पहिल्या जागेपासून हातभर अंतरावर. परत येऊन बसलो. बराच वेळ काही झालं नाही. मग एक मुंगी आली, इकडेतिकडे फिरली, आणि निघून गेली. माझा जीव तिच्या मागे गेला. थोड्या वेळानं ती परत आली, आणि तिच्या मागून झाडाच्या मुळापासून रांगच लागली. काळी, लांब, शिस्तीची रांग. पहिल्या जागेला वळसा घालून ती थेट दुसऱ्या जागेवर गेली. काका गुडघ्यांवर बसला, पागोटं सावरून अगदी खाली वाकला आणि खूप वेळ बघत राहिला. उठला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते हसण्याचं. "पाहा रे," तो ओरडला, "साहेब खरा निंगाला!" मग सगळा तांडा बघायला आला. बायकाही आल्या. माझ्या नोकरीत माझ्या कामाची इतकी बारकाईनं तपासणी कुठल्याच साहेबानं केली नाही.

बैल सोडले गेले. थाळी पुन्हा फिरली आणि सगाई पक्की झाली. माझ्यापुढे थाळी आली तशी मुलीच्या आईनं मधेच येऊन ती ओढून घेतली. "झालं तेवढं पुरे," ती म्हणाली.

त्यानंतर त्या तांड्यात मला गुळाचा चहा मिळाला नाही. बिनगुळाचा, काढ्यासारखा चहा यायचा, आणि मी तो संपवेपर्यंत कुणीतरी समोर उभं राहायचं. बाजारच्या दिवशी नायक आमच्या घरी आला आणि बायकोला सगळी हकीकत सांगून गेला, मुंग्यांसकट. शपथ मोडली म्हणून आता काय ऐकावं लागतं, या विचारानं मी चुलीपाशी चोरासारखा बसलो होतो. तिनं फक्त विचारलं, "पोरीचं जमलं ना?" मी हो म्हणालो. तिनं कारल्याची भाजी वाढली.

लग्न उन्हाळ्यात झालं. तांड्यातली मुलगी सासरी निघते तेव्हा ढावलो म्हणते. एकेका वडीलधाऱ्याच्या गळ्यात पडते आणि रडत रडत, सूर लावून त्याचे उपकार आठवते. आईच्या गळ्यात पडली, बापाच्या पडली, नायकाच्या पडली. ऐकणारे सगळेच रडत होते. मी बाहेरचा म्हणून मागे सरकलो, तर ती गर्दीतून माझ्याकडेच आली. माझ्या खाकी कोटाला तिनं डोकं टेकलं आणि सूर लावला. मला त्यांची बोली अर्धीमुर्धीच कळे. ती मला काका म्हणत होती, आणि शेजारी उभा नायक हलक्या आवाजात अर्थ सांगत होता. काका, माह्या घरासाठी तू जहर खाल्लं. काका, मी आता दूर चालली, तुह्या ताटाकडं कोन पाहीन?

ती ज्याला जहर म्हणत होती त्याची चव माझ्या जिभेवर अजून होती. इतक्या दिवसांच्या कारल्यानंतर तोंडात विरघळलेला तो नवा गूळ. एक खडा पुष्कळ झाला असता. दुसरा मी माझ्यासाठी खाल्ला होता. हे तिला सांगावं असं फार वाटलं, पण ती इतकी मनापासून रडत होती की तोंड उघडेना. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "नाही खाणार, बाई." आणि मग तिच्यापेक्षाही मोठ्यानं मीच रडायला लागलो.