परबकाकांची गवत कापायची गाडी

आमच्या परळच्या जिमखान्यात गवत आणि किस्से या दोन गोष्टी कुणी मुद्दाम लावल्या नाहीत, तरी वाढतच राहिल्या. गवत कापायला निदान मशीन होतं. किस्स्यांचं काय करणार? एक सांगायला घ्यावा तर त्याच्या बुडाशी दुसरा निघतो, आणि चहा गार होतो तो होतोच. म्हणून आज फक्त त्या मशीनचेच किस्से सांगतो. त्यांच्यात एका लग्नाचीही भानगड आहे, ती ओघात येईल.

मशीन साधंसुधं नव्हतं. वर बसून चालवायचं! पुढे गवत कापणारी पाती, मध्ये पेट्रोलचं इंजिन, मागे लोखंडी सीट, हातात स्टिअरिंग आणि पायाखाली एकच पेडल. दाबलं की चाललं, सोडलं की थांबलं. जिमखान्याचा गोरा प्रेसिडेंट विलायतेला परत जाताना कुत्रा घेऊन गेला आणि हे आमच्याकडे ठेवून गेला.

तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन रंगात होती. सकाळी मोर्चा, संध्याकाळी सभा, मधल्या वेळात आमचं क्रिकेट. मी गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून आणि जिमखान्याचा ओपनर. कांबळे त्याच गिरणीत फिटर आणि आमचा फास्ट बोलर. सेक्रेटरी गुप्तेसाहेब, पेशाने वकील. यांनी बॅट कधी हातात धरली नाही, पण बोलताना मात्र सतत ‘स्ट्रेट बॅट’ने बोलत. आणि मशीनवर बसायचे ते परबकाका, मूळ मालवणकडचे, राहायला करी रोडच्या चाळीत.

*

परबकाका आधी जिमखान्याचा बैलांचा रोलर हाकत. बैल म्हातारे झाले, मशीन आलं, आणि काका एका दिवसात ‘ड्रायव्हर’ झाले. चाळीत त्यांनी तसं जाहीरही करून टाकलं.

पहिल्या दिवशी खाकी कोट घालून, टोपी सारखी करून ते सीटवर बसले. आम्ही टाळ्या वाजवल्या. मशीन निघालं ते थेट साइटस्क्रीनच्या दिशेने. काका सीटवर ताठ बसून, बैल थांबवावेत तसे ओरडतायत, “हो! हो! हो रे बाबा, हो!” आणि पाय पेडलवर गच्च! साइटस्क्रीन आडवा झाला, पलीकडचं कुंपण आडवं झालं, आणि मशीन शेवटी एका आंब्याच्या झाडाला टेकून गुरगुरत राहिलं.

गुप्तेसाहेब धावत आले. “अहो परब, पाय का नाही उचललात?”

काका खाली उतरले, मशीनच्या पुढे गेले, त्याच्याकडे रागाने बघितलं आणि म्हणाले, “सायबानू, आधी तोंडान सांगूक नको?”

*

मग एकदा रविवारच्या सामन्याच्या आदल्या दिवशी इंजिन फार तापायला लागलं. कांबळेने कामावर जाता जाता सांगितलं, “काका, तेल कमी झालंय. संध्याकाळपर्यंत तेल घालून ठेवा.” आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामना सुरू, आणि काका बाउंड्रीच्या बाहेर फेऱ्या मारतायत. हळूहळू मैदानावर असा काही खमंग वास पसरला की काय सांगू! आमच्या विकेटकीपरने दोन बॉल सोडले. समोरचा बॅट्समन नुसता वास घेत उभा. शेवटी पंचांनीच बेल्स उचलल्या. लंचला अजून बराच अवकाश होता.

“असं कसं?” गुप्तेसाहेब म्हणाले.

“वडे गार होतील,” पंच म्हणाले आणि तंबूकडे चालू लागले.

तंबूत वडे नव्हते. काकांनी इंजिनात खोबरेल ओतलं होतं! कांबळेने कपाळावर हात मारला. सगळं तेल काढून, इंजिन धुऊन, नवं तेल भरेपर्यंत त्याचा अर्धा दिवस गेला.

“अहो काका, खोबरेल कशाला?”

“डोक्यां तापलां काय खोबरेलच लावतंत ना?”

कांबळे हसत हसत हात धुवायला गेला. पंच मात्र दिवसभर रुसून होते.

*

काकांना एक धास्ती होती. मशीन कुणी पळवून नेईल! म्हणून ते रोज इंजिनाचा प्लग काढत, फडक्याने पुसत आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवून घरी नेत. प्लगची इतकी निगा दुसऱ्या कुठल्याही इंजिनाला मिळाली नसेल. रात्री तो देवघरात असायचा म्हणे.

एकदा हरताळाच्या दिवशी लालबागच्या नाक्यावर पोलिसांनी त्यांना अडवलं. झडती घेतली. खिशातून निघाली ती चिनी मातीची, पोलादी टोकाची, पेट्रोलचा वास मारणारी वस्तू! चार शिपाई मागे सरकले.

“हे काय आहे?” इन्स्पेक्टरने विचारलं.

“सायब, ह्यो मशिनीचो जीव आसा,” काका म्हणाले.

झालं! काकांना चौकीत बसवलं. मला निरोप आला तेव्हा मी दाढी अर्धी टाकून पळालो. मी पुष्कळ समजावलं, पण इन्स्पेक्टर हुशार माणूस. म्हणाला, “असं मशीन असेल तर दाखवा.”

जीपमधून आम्ही सगळे मैदानावर आलो. काकांनी प्लग बसवला, इंजिन सुरू केलं. इन्स्पेक्टर जरा वेळ बघत राहिला, मग टोपी काढून माझ्या हातात दिली आणि स्वतः सीटवर बसला. एक फेरी झाली. दुसरी झाली. शिपाई सावलीत बसून विड्या ओढायला लागले. उन्हं कलली तेव्हा साहेब उतरले, आणि पुन्हा चेहरा कडक करून म्हणाले,

“प्रकरण गंभीर आहे. चळवळ संपेपर्यंत मला रोज चौकशीला यावं लागेल.”

*

आता लग्नाकडे येतो. काकांची मुलगी शालू उपवर झाली होती. दादरच्या तावड्यांच्या मुलाशी जवळजवळ ठरलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं, अडचण एकच: मुलाचे वडील. तावडे ट्राम ड्रायव्हर होते आणि मुंबईत आपल्याशिवाय कुणाला गाडी चालवता येते यावर त्यांचा विश्वास नव्हता. मुलीचा बापही ड्रायव्हर म्हटल्यावर ते खूश झाले. “कुठली गाडी?” त्यांनी विचारलं. काका म्हणाले, “विलायती.”

“वार्षिक सामन्याला येतो बघायला,” तावडे म्हणाले. “गाडी बघितल्याशिवाय मी कुणाला व्याही म्हणत नाही.”

आणि त्याच आठवड्यात मशीन बंद पडलं!

कांबळेने इंजिन उघडलं. पिस्टनची रिंग तुटली होती. रिंग फोर्टातल्या दुकानात मिळाली असती, पण इंजिन कुठल्या मेकचं, मॉडेल काय, नंबर काय, हे सांगायला हवं. ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कमिटीने सांगून टाकलं, सामन्यापर्यंत चालू झालं नाही तर मशीन भंगारात. काकांनी दोन दिवस जेवण टाकलं. खरं सांगतो, त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

गुप्तेसाहेबांनी ऑफिसातून दुकानाला फोन लावला.

“इंजिन कसलं आहे?” दुकानदाराने विचारलं.

“हिरवं,” साहेब म्हणाले.

“तसं नव्हे. आवाज कसा करतं?”

साहेबांनी वकिलीत पुष्कळ आवाज काढले होते, पण हा नव्हता. त्यांनी रिसीव्हर काकांच्या तोंडाशी धरला. काकांनी डोळे मिटले आणि जीव तोडून आवाज काढला, “फट् फट् फट् फटाक्... घुर्र... फुस्स!” शेवटी खरंच खोकला आला.

मग दुकानदार काळजीने म्हणाला, “यांना आधी डॉक्टरकडे न्या.”

*

नंबराची पाटी इंजिनावर असतेच, असं कांबळे शपथेवर सांगत होता. त्याने इंजिन वरून बघितलं, खालून बघितलं, कंदील धरून बघितलं. मग एकदम थांबला आणि काकांकडे वळला.

“काका, दसऱ्याला स्वस्तिक कुठे काढता?”

काकांचा हात आपसूक इंजिनाच्या कपाळावर गेला.

सांगायला हवं, दर दसऱ्याला काका मशीनची पूजा करत. आधी सगळ्या मशीनला हिरवा ऑइलपेंट, मग इंजिनाच्या कपाळावर शेंदराचं जाड स्वस्तिक, मग नारळ. कांबळे नुकताच बौद्ध झालेला, तो पूजेला बाजूला उभा राही. पण नारळाचं अर्धं खोबरं काका त्याला आवर्जून देत. देवाचा प्रसाद म्हणून नव्हे, फिटरचा मान म्हणून. आणि इंजिनाचं कपाळ म्हणजे तिथली एकच सपाट, गुळगुळीत जागा.

“तुमच्या इंजिनाचं नाव, गाव, गोत्र सगळं शेंदराखाली आहे,” कांबळे म्हणाला आणि त्याने खिशातून पटाशी काढली.

“देवाच्या कपाळाक पटाशी?” काका मशीनला आडवे झाले. “आधी माका मार!”

आम्ही सगळे समजावून थकलो. शेवटी कांबळे हळूच म्हणाला, “काका, शालूचं काय?”

काका बाजूला झाले. मग नारळ आणला, इंजिनासमोर ठेवला, टोपी काढली आणि गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा इंजना, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही.

“आज ही जी काय खरवडणी होता, ती लेकरांची चूक म्हणान पोटात घाल, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या कांबळ्याचो हात हलको ठेव, आणि ती रिंग खंय आसात थंयसून हाडून दी, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” यात गुप्तेसाहेबांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. वर त्यांनी सवयीने “दॅट इज अवर सबमिशन” असंही जोडलं.

कांबळेने खरवडायला घेतलं. शेंदरी थर, हिरवा थर, पुन्हा शेंदरी, पुन्हा हिरवा. मध्येच ‘झालाच पाहिजे’मधला ‘झा’ निघाला. कांबळेने चळवळीच्या सुरुवातीला तो रंगवला होता आणि साहेबांनी घाबरून वर हिरवा मारायला लावला होता. सगळ्यांत खाली पितळेची पाटी लखलखली! कंपनीचं नाव, मॉडेल, नंबर, सगळं होतं. शेवटी इंग्रजीत आणखी एक बारीक ओळ होती. मी ती वाचून मराठीत सांगितली.

“या पाटीवर कोणत्याही कारणाने रंग लावू नये.”

काका भडकले. “मगे ह्यां वर लिवूक नको?”

*

रिंग मिळाली, बसली. सामन्याच्या दिवशी तावडे आले, ट्रामचा गणवेश कडक इस्त्री करून. काकांनी लंचला अख्ख्या मैदानाला फेरी मारली, पाती लखलख फिरतायत, इंजिन कसं एका लयीत. आम्ही सगळे तावड्यांकडे बघत होतो. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

“उतरा, परब,” ते म्हणाले. “गाडी बसल्याशिवाय कळत नाही.”

ते सीटवर बसले. पाठ ताठ. समोर बघून त्यांनी, ट्राममध्ये पायाखाली असते ती घंटा वाजवायला पाय आपटला, तो नेमका पेडलवर. घंटा वाजली नाही, मशीन निघालं. म्हणून त्यांनी आणखी जोरात पाय आपटला आणि दाबूनच धरला.

“तावडेसाहेब, स्टिअरिंग! वळवा!” आम्ही ओरडलो. पण त्या माणसाने उभ्या जन्मात गाडी कधी वळवली नव्हती, रूळच वळत आले होते! डाव्या हाताने ते हवेत ट्रामचा दांडा फिरवत होते, उजवा हात हवेतल्या ब्रेकवर. मशीन सरळ निघालं. पिचवरून गेलं, लंचच्या तंबूतून गेलं, पाहुण्यांच्या टेबलक्लॉथची झालर सफाईने कापून, गेटमधून बाहेर.

गेटासमोर रस्त्यापलीकडे ट्रामचा स्टॉप होता. तिथे एक गृहस्थ छत्री घेऊन उभे होते. त्यांनी सवयीने हात केला. तावड्यांनी सवयीने घंटेवरचा पाय उचलला. मशीन स्टॉपला बरोबर लागून उभं राहिलं.

“दादर?” गृहस्थांनी विचारलं.

“मागची रिकामी येतेय,” तावडे म्हणाले.

एवढ्यात काका धापा टाकत पोचले. तावडे सावकाश उतरले, टोपी काढून घाम पुसला, मशीनच्या कपाळावरच्या लखलखीत पाटीवरून एकदा बोट फिरवलं आणि म्हणाले,

“गाडी झकास आहे, व्याही. फक्त घंटेचं तेवढं बघून घ्या.”