पंच्याऐंशी इंची भिंतीवरची नवसा

शुभांगीला राग आला की ती भांडी आपटत नाही, दार लोटत नाही, आवाजही चढवत नाही. तिचा राग गजऱ्यात उतरतो. रोज सकाळी ती माझ्या दाराच्या कडीला गजरा अडकवून जाते, कधी जुईचा, कधी काकड्याचा. एरवी तिची गाठ सैल, तरी न सुटणारी. संध्याकाळपर्यंत फुलं जागच्या जागी. पण ती चिडलेली असली की गाठ इतकी आवळली जाते की दोरा देठच कापतो. मग दुपारपर्यंत माझ्या खांद्यावर, ओट्यावर, कणकेच्या परातीत कळ्या गळून पडतात. यंदा अख्खा पावसाळा माझ्या घरात अशा कळ्या पडत होत्या.

म्हसरूळला आमची रो-हाउसं भिंतीला भिंत लावून आहेत. पलीकडं किशोर, त्याची बायको शुभांगी आणि आई अक्काबाई. मुलगी पुण्याला शिकते. किशोर ओझरला कारखान्यात फिटर, सकाळी कोपऱ्यावरून बस पकडतो. अक्काबाई दिंडोरीकडच्या. गुडघे गेल्यापासून दिवाणखान्यातल्या दिवाणावर बसून सगळं घर बघतात. आणि शुभांगी घरी गजरे, हार करून दुकानांना देते.

ती मूळची मखमलाबादच्या चिमाजींची मुलगी. फुलांची शेती. पाठोपाठ मुलगे झाले, मुलगी नाही, म्हणून आईनं गडावरच्या देवीला नवस बोलला. मुलीसाठी नवस बोलणारी बाई त्या काळात दुर्मीळच. मुलगी झाली, तिचं नाव नवसा. ही नवसा शाळेत असल्यापासून सायकलच्या कॅरिअरला फुलांची पाटी बांधून गंगेवरच्या, म्हणजे नदीकाठच्या, बाजारात यायची. उतारावर ब्रेक लावायचा नाही, असा तिचा नेम होता, कारण ब्रेक लावला की पाटी पुढं सरकते. लग्नात ताटातल्या तांदळावर किशोरनं अंगठीनं नाव लिहिलं, शुभांगी. नवसा फार खेड्यातलं वाटतं, असं तो आधीच म्हणाला होता. सायकल माहेरीच राहिली. हे सगळं तिनं मला गजरे करता करता सांगितलं, तक्रार म्हणून नाही, फुलांचा भाव सांगावा तसं.

गेल्या वर्षी किशोरनं टीव्ही आणला. पंच्याऐंशी इंची. टेंपोतून उतरवला तर दारातून आत जाईना, खिडकीचं ग्रिल काढावं लागलं. समोरची अख्खी भिंत त्यानं खाल्ली. त्या भिंतीवर शुभांगीचा खिळा होता, हाराचा दोरा ताणायला बांधायचा. तो उपटला. तेव्हापासून ती दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवून, वाकून हार करते. उजेडानं चित्र फिकं दिसतं म्हणून खिडकीला जाड पडदा लागला. इतकी वर्षं ज्या उजेडात ती किडकी फुलं निवडायची, तो उजेडही गेला. तिला कुणी विचारलं नाही. नवा टीव्ही आला म्हणून तिनंच आम्हाला पेढे वाटले.

टीव्ही बातम्यांसाठी नव्हताच, किशोरला त्यावर खेळायचं होतं. गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ त्यानं घेतला. घाटाचा रस्ता, खाली दरी, आणि गाडी इतकी मोठी दिसायची की ती सोफ्यावर येऊन आदळेल असं वाटावं. खेळायला दोन्ही हातांत धरायचं एक यंत्र. किशोर त्याला कंट्रोलर म्हणतो. अक्काबाई खेकडा म्हणतात, आणि खरंच ते तसंच दिसतं. दर रविवारी त्याचे कारखान्यातले मित्र, योगेश आणि प्रफुल्ल, यायचे. पाळीपाळीनं खेळायचे. ज्यानं घाट सगळ्यांत लवकर उतरला त्याचं नाव शेवटी सगळ्यांत वर उमटायचं, वीतभर उंचीच्या अक्षरांत. शुभांगी पोहे, चहा घेऊन आत-बाहेर करायची, आणि ती टीव्हीच्या आड आली की किशोर मान वाकडी करून म्हणायचा, "समोरून हो." नाव नाही, अगं नाही. समोरून हो. भिंतीपलीकडून मी ते इतक्यांदा ऐकलंय की आमच्याकडं कुणी दारात घुटमळलं तर माझे यजमान गमतीनं तेच म्हणायचे. मी त्यांना ते बंद करायला लावलं.

मग दुपारी पलीकडून गाड्यांचा आवाज येऊ लागला. किशोर कारखान्यात असताना.

मी गेले तर शुभांगी फुलांची पाटी बाजूला सारून जमिनीवर बसलेली, खेकडा मांडीवर, डोळे भिंतीवर. तिला कुणी शिकवलं नव्हतं. दारात ट्रे घेऊन उभ्या उभ्या ती शिकली होती. गजरा करणाऱ्या बाईचे डोळे कधी हातांकडं नसतात. ती गिऱ्हाईकाशी बोलते, दुधावर लक्ष ठेवते, आणि बोटं आपली गाठ मारत असतात. शुभांगीची बोटं खेकड्यावर तशीच चालली होती. अक्काबाई दिवाणावरून मार्गदर्शन करत होत्या. म्हणे, लय जोरात नको पळू बाई, म्होरं वळण हाय. आणि सुनेनं ते वळण गाडी न आपटता काढलं की सासूबाई सुटकेचा निःश्वास टाकून सुपारी कातरायला घ्यायच्या. उतारावर ब्रेक लावत नाहीस का, म्हणून मी विचारलं. म्हणाली, पाटी पुढं सरकते. आणि आम्ही तिघी हसलो. त्या दिवसांतले गजरे काय सुंदर होते म्हणून सांगू.

एका दुपारी तिचं नाव सगळ्यांत वर आलं. किशोरच्या वर. खेळ नाव विचारतो, तेव्हा तिनं शुभांगी लिहिलं नव्हतं. नवसा लिहिलं होतं. आम्ही भिंतीकडं बघत राहिलो. तिचं ते नाव इतकं मोठं मी कधीच पाहिलं नव्हतं. तिनंही नसावं.

पुढचा रविवार आला. योगेशनं विचारलं, ही नवसा कोण रे, तुझ्या डोक्यावर बसलीय ती. किशोर म्हणाला, असेल कुणीतरी, नेटवरून येतात तसली नावं. त्यावर प्रफुल्ल म्हणाला, "नवसाबाई. जात्यावरून उठून डायरेक्ट घाटात आली काय?" आणि हसला. किशोरही हसला. शुभांगी चहाचा ट्रे घेऊन शेजारीच उभी होती.

हे तिनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. प्रफुल्लचा तिला राग नव्हता. त्याला काय ठाऊक? ज्यानं ते नाव तांदळानं झाकलं, ज्याला ते पक्कं ठाऊक होतं, तो हसला. तिचा राग तिथं होता. आणि त्याच दिवशी दुपारी तिनं टीव्ही लावला तर नाव पुसलेलं. वर पुन्हा किशोर. खेकडाही जागेवर नव्हता. तो सापडला संध्याकाळी, डबा घासायला तिनं नवऱ्याची पिशवी उघडली तेव्हा. भाजीच्या डब्याशेजारी, रुमालात गुंडाळलेला. तिनं काही विचारायच्या आत तोच म्हणाला, घरात राहिला की बिघडतो.

तेव्हापासून तो माणूस खेळाचं ते यंत्र रोज डब्याबरोबर ओझरला न्यायचा आणि परत आणायचा. कारखान्यात त्याचा काही उपयोग नाही. तिथं ना टीव्ही ना सवड. नुसतं ते घरी राहू नये म्हणून. चांगला चाळिशी ओलांडलेला, दोन बहिणींची लग्नं लावून दिलेला माणूस.

मला सगळ्यांत चीड कशाची येत होती सांगू? किशोर वाईट नाही. पीत नाही, हात उगारत नाही, आईचे पाय चेपतो, आमचा नळ गळतो तर पाना घेऊन येतो. कॉलनीत कुणालाही विचारा, सोन्यासारखा माणूस म्हणतील. आणि नेमकं म्हणूनच शुभांगीला तोंड उघडायला जागा नव्हती. दारुड्यावर बाई चिडली तर चार जणी तिच्या बाजूनं उभ्या राहतात. नवरा खेळणं पिशवीत नेतो म्हणून चिडली तर हसतील. मी एक-दोघींना सांगून पाहिलं. हसल्या. बाई गं, या वयात गाड्या खेळायच्या का, म्हणाल्या. किशोरच्या वयाबद्दल कुणी काही बोललं नाही.

मी तिला म्हटलं, गजऱ्यांचे पैसे तुझे तुझ्याकडं असतात, दुसरा खेकडा आण. तिनं हातातला देठ खुडला. मग म्हणाली, "आणता येईल, काकू. मग तो लपवायचा कुठं? मला चोरून नाही खेळायचं." दुसऱ्या दिवशीचा गजरा मी डोक्यात घातला आणि मान वळवली तर अर्धा खाली आला.

असा पावसाळा गेला आणि नवरात्र बसलं. खंडेनवमीला आपल्याकडं ज्याची त्याची हत्यारं पुजायची असतात. अक्काबाईंचा याबाबतीत माहेरचा एक दंडक आहे. ज्यानं हत्यार राबवलं त्यानंच त्याला हळदकुंकू लावायचं, आणि दसऱ्याला सोनं वाटून झालं की त्यानंच ते उचलायचं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. त्यांच्या वडिलांचा विळासुद्धा त्या काळी दुसरा कुणी उचलत नसे. तर किशोरनं पाटावर आपले पाने मांडले, मोजमापाचं हत्यार मांडलं, दारात मोटारसायकल धुऊन लावली. शुभांगीनं हाराची सुई आणि कात्री ठेवली. टीव्हीलाही हार हवा म्हणून त्यानं फर्मावलं, आणि एवढ्या भिंतीला पुरेल असा झेंडूचा हार शुभांगीनं आदल्या दिवशी पायाच्या अंगठ्याला दोरा बांधून केला. शेवटी किशोरनं मोठ्या हौसेनं पिशवीतून खेकडा काढला, पाटावर मधोमध ठेवला आणि मित्रांना पाठवायला फोटो काढू लागला. कोनातून, जवळून, उभा, आडवा. हळदकुंकवाचं ताट घेऊन शुभांगी खाली बसली होती. तिनं सुईला बोट लावलं, कात्रीला लावलं, आणि त्याच हातानं खेकड्याला. फूल वाहिलं. किशोर तेव्हा फोनमध्ये मान घालून कुठला फोटो चांगला आलाय ते बघत होता.

अक्काबाई मात्र बघत होत्या.

दसऱ्याला संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन मी त्यांच्याकडं गेले. योगेश आणि प्रफुल्ल आधीच येऊन बसले होते. सोनं देऊन झालं, नमस्कार झाले, आणि प्रफुल्ल म्हणाला, चला, एक घाट होऊन जाऊ दे. किशोर पाटाकडं वाकला.

"थांब," अक्काबाई म्हणाल्या. "त्याला हळद तिनं लावली. ती उचलंल."

किशोर हसण्यावारी नेत म्हणाला, आई, ते माझंय.

"तुझं व्हतं तर पुजायचं. तू फोटू काढीत व्हतास."

आईपुढं, पाटापुढं, पाहुण्यांपुढं त्याला पुढं बोलता येईना. तो तसाच अर्धा वाकलेला उभा राहिला. शुभांगी स्वयंपाकघराच्या दारात होती. ती आली, खेकडा उचलला, त्याच्यावरचं कुंकू पुसलं नाही. जमिनीवर बसली नाही, सोफ्यावर बसली, योगेशच्या शेजारी. तो बिचारा सरकला आणि म्हणाला, वहिनी, तुम्ही खेळता?

"नवसा कोण म्हणून विचारत होतात ना, भाऊजी," ती म्हणाली. "मी."

आवाज नेहमीचाच. तिनं नाव लिहिलं, एकेक अक्षर शोधत, सगळ्यांसमोर. खिडकीचा पडदा ओढलेला, झेंडूच्या हाराच्या चौकटीत घाटाचा रस्ता उजळला. गाडी सुटली आणि दुसऱ्याच वळणावर कठड्यावर आपटून दरीत गेली. मी तिचे अंगठे बघत होते. गजऱ्याची गाठ आवळावी तसे ते दाबले गेले होते. नखं पांढरी पडली होती.

प्रफुल्लला हसू आलं. पण त्याच्याबरोबर कुणीच हसलं नाही तेव्हा त्यानं ते खोकल्यावर नेलं. किशोरनं हात पुढं केला. झालं ना तुझं, म्हणाला, दे इकडं. दोन पावलं पुढं येऊन तो टीव्ही आणि सोफा यांच्या मधोमध उभा राहिला. अख्खा घाट त्याच्या आड गेला.

शुभांगीनं खेकडा सोडला नाही. मान किंचित वाकडी केली, जणू तो कुणी अनोळखी माणूस वाटेत उभा आहे.

"समोरून व्हा," ती म्हणाली.

तो झाला. तिनं दुसऱ्यांदा गाडी काढली. तिसऱ्यांदा काढली. चहा कुणी केला नाही, आणि मागायची हिंमतही कुणाची झाली नाही. आठव्या-नवव्या खेपेला अक्काबाईंनी म्होरं वळण हाय म्हणून सांगितलं, आणि ते तिनं ब्रेक न लावता काढलं.

आता खेकडा पिशवीतून जात नाही. टीव्हीखालच्या फळीवर असतो, कुंकवाचा डाग अजून त्याच्यावर आहे. किशोर तिच्याशी त्याबद्दल एक शब्द बोललेला नाही. चुकलं, असंही म्हणालेला नाही. परवा सकाळी दाराच्या कडीचा गजरा घेतला. काकड्याचा होता. दुपारी पोळ्या लाटताना तीन कळ्या पिठात पडल्या. त्या मी वाटीतल्या पाण्यात ठेवल्या. एवढ्यात तिनं गाठ सैल करावी अशी माझीही काही घाई नाही.