आईच्या डोहावरची साक्ष

साक्ष देताना माणसाने कमी बोलावं, हे मी कोर्टात बत्तीस वर्षं कारकुनी करून शिकलो. शेवटची दहा वर्षं तर दिंडोशीला. आणि ज्या एका दिवशी ते एका माणसाला सांगायला हवं होतं, त्या दिवशी नेमका विसरलो. वर त्यालाच म्हणालो, "धर्मा, घाबरू नकोस, जे खरं ते मोकळेपणाने सांग." उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच.

बोरिवली पश्चिमेला, खाडीच्या कडेला आमची सोसायटी आहे. मागच्या भिंतीपलीकडे तिवरांची झाडी आणि तिवरांपलीकडे वाकणपाडा, तीस-पस्तीस कोळ्यांची घरं. आमच्या बिल्डिंगच्या जाहिरातीत खाडीचं मोठं चित्र होतं, त्यातून पाडा तेवढा पुसून टाकला होता. मी फ्लॅट घेतला तेव्हा मलाही ते खटकलं नव्हतं, हे कबूल करतो.

धर्मा त्या पाड्यातला. सहासष्ट वर्षांचा, बुटका, गुडघे गेलेला, पण होडीत पाय टाकला की तिशीचा. त्याची बायको पुतळाबाई आमच्या गेटवर मासळी विकायची, तिच्यामुळे ओळख झाली आणि मी रिटायर झाल्यावर दोस्ती. तो मला होडीतून न्यायचा. वल्ह्याचं एक टोक पाण्यात सोडून दुसरं कानाला लावायचा आणि सांगायचा, खाली धोमा मासा बोलतोय. मला काही ऐकू यायचं नाही. मी मोबाईलवर भरतीची वेळ बघितली की हसायचा. "भाऊ, यो मोबाईल भिजला मंग भरती येयाची थांबल काय?" असा सगळा तिरपागडा माणूस. पण खाडीबद्दल बोलायला लागला की मला माझी बत्तीस वर्षं फुकट गेल्यासारखी वाटायची.

पाड्याची खाडी गाळाने आणि आमच्या शहराच्या घाणीने उथळ होऊन गेलेली. चांगलं पाणी राहिलं होतं ते फक्त एका वळणावर. ओहोटीला सगळीकडे चिखल उघडा पडला तरी तिथे तीन पुरुष पाणी असायचं. त्याला म्हणायचे आईचा डोह. जिताडा हा मोठा, महागाचा मासा मिळायचा तो तिथेच, आणि धर्माची चूल त्या जिताड्यावर पेटायची. पाड्यातल्या आणखी सात-आठ घरांचीही.

या डोहाचा एक नेम होता. वटपौर्णिमेला धर्मा डोहाच्या तोंडाशी एक फांदी रोवायचा. हा त्याच्या घराण्याचा मान. त्या दिवसापासून नारळी पौर्णिमेपर्यंत डोहात कोणी गळ टाकायचा नाही, जाळं टाकायचं नाही, कारण त्या दिवसांत मासळी गाभोळीवर असते, पोटात अंडी धरून. पहारा नाही, दंड नाही. धर्माच्या सख्ख्या काकाने एकदा आषाढात तिथे गळ टाकला, तर तीन वर्षं पाड्यात कोणी त्याच्या हातचं पाणी प्यायलं नाही. तेवढं पुरायचं.

मग ते दोन महिने ही माणसं काय खायची? ते मला पक्कं माहीत होतं. कारण त्या दोन महिन्यांत पुतळाबाई आमच्याच घरी भांडी घासायची. आमच्याकडे आणि वरच्या मजल्यावर रेवतीताईंकडे. ही गोष्ट धर्मा कधी बोलायचा नाही. मीही त्याच्यासमोर काढायचो नाही. गाडी अडते ती अशाच जागी.

दांडीवाले यायला लागून चार वर्षं झाली असतील. दांडीवाले हे पाड्याने दिलेलं नाव. रविवारी सकाळी पवईहून, वांद्र्याहून गाड्या यायच्या. टोप्या, काळे चष्मे, चकचकीत गळाच्या दांड्या आणि रबराचे रंगीत खोटे मासे. जिताडा लागला की त्याला छातीशी धरून फोटो काढायचा आणि मुका घेतल्यासारखं करून परत पाण्यात सोडायचा.

धर्माने हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो दिवसभर जेवला नाही. "खायाचा नाय तर धरतंय कशाला?" तो मला विचारत होता. "भूक लागली म्हनून मारला तर पाप नाय. ह्यो काय खेल झाला? त्याचा तोंड फाडायचा नि सोडून देयाचा?"

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही मी ऐकलं आहे. त्यांचा पुढारी चैतन्य, पवईच्या एका ऑफिसात कामाला, तिशीतला पोरगा. वाईट मुळीच नाही. माशांची नावं शास्त्रीय भाषेत पाठ. तो म्हणायचा, "काका, आम्ही सोडतो म्हणून मासा वाढतो. हे लोक बारीक जाळी लावतात, बोटाएवढी पिल्लंपण सोडत नाहीत." त्यातही खोटं काही नव्हतं. पोटाला लागलं की जाळीचे डोळे बारीक होतात.

मग एकदा पुतळाबाई ओहोटीला चिखलात शिंपल्या काढत असताना कोणाच्या तरी तुटलेल्या दोरीचा तीन तोंडांचा गळ तिच्या तळव्यात घुसला. पंधरा दिवस ती लंगडत होती. पाड्यातला रतन, सोसायटीचा चेअरमन, म्हणजे मच्छीमार सोसायटीचा, तापट माणूस, त्याने पुढच्या रविवारी एकाची दांडी गुडघ्यावर घेऊन मोडली. दांडीवाल्यांनी पोलिसांत तक्रार केली, शिवाय मत्स्य खात्याकडे अर्ज केला. अर्जाचा मुद्दा असा, की आईच्या डोहात जिताड्याची पैदास होते, तिथे स्थानिकांच्या जाळ्यांना बंदी करा.

खात्याने एक साहेब पाठवला, दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायला. पाड्याच्या देवळासमोरच्या मंडपात सभा भरली. साहेबाला मराठी जेमतेम यायचं आणि अहवाल इंग्रजीत जायचा होता, म्हणून रतनने मला दुभाष्या म्हणून बसवलं. "भाऊ, तुमी कोर्टातले," असं म्हणाला. मला बरं वाटलं. एवढ्या वर्षांत मी दुसऱ्यांचीच बाजू टाइप करत आलो होतो.

पाड्याने साक्षीला धर्माला उभं केलं. फांदी रोवणारा तोच, डोहाचं त्याला जास्त कळतं. तो स्वच्छ पांढरा सदरा घालून आला होता. समोर खुर्च्यांवर दांडीवाले, मागे सतरंजीवर पाडा.

साहेबाने विचारलं, "तुम्ही लोक सरसकट मासे मारता असा आरोप आहे. खरं काय?"

धर्मा ताठ झाला. "साहेब, कोन बोलतो सरसकट? ह्यो आईचा डो हाय. आमच्या पाच पिढ्यांचा नेम हाय. वटपुनवेपासून नारली पुनवेपर्यंत यात कोनाचा हात पडत नाय. मासली गाभोलीवर असते. तिची ती बालंतपनाची खोली हाय. आमी कोली हाव, आमाला काय ते शिकवाया नको."

मी ते इंग्रजीत लिहिलं. सुंदर लिहिलं. मनात म्हटलं, जिंकलो.

साहेबाने मान वर केली. "दोन महिने? मग त्या दोन महिन्यांत तुमचं भागतं कसं?"

धर्माने एकदा त्या खुर्च्यांकडे बघितलं. तिथे बसलेल्या पोराटोरांसमोर, रविवारी मौजेने मासे धरणाऱ्या माणसांसमोर, माझी बायको परक्यांची खरकटी काढते हे तो कसं सांगणार? तो म्हणाला, "आमचा भागतंय. बाकी खाडी हाय, दर्या हाय. आमच्या पाड्यात त्या दोन महिन्यांत कवा कोन उपाशी नाय झोपला."

मागे पुतळाबाई बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी आजही विसरलो नाही. भाऊ, तुमी सांगा, असं ती नजर म्हणत होती. आणि मी? मी कारकून. साक्षीदार बोलला तसं शब्दाला शब्द उतरवलं. माझा मित्र पाच पिढ्यांच्या अभिमानाने खोटं बोलतोय हे मला कळत होतं, पण त्याची शान तोडावीशी वाटली नाही. शान! त्याच्या शानीची काळजी मला, आणि धुणीभांडी तिच्या हाताला.

साक्ष संपली तेव्हा टाळ्या पहिल्यांदा दांडीवाल्यांनी वाजवल्या. चैतन्यचे डोळे भरून आले होते. त्याने पुढे येऊन धर्माचे दोन्ही हात धरले. "काका, तुम्ही जे सांगितलंत ते सायन्स आहे. ग्रेट." धर्मा लाजला. पाड्यात त्या दिवशी सगळ्यांना चहा झाला. मी मारे दोन कप प्यालो.

पाच महिन्यांनी हुकूम आला. मीच वाचून दाखवला, त्याच मंडपात. स्थानिकांच्या स्वतःच्या साक्षीनुसार ही जागा पैदाशीची आहे. स्थानिकांच्या स्वतःच्या साक्षीनुसार ती वापरली नाही तरी त्यांच्या पोटावर परिणाम होत नाही. सबब, आईच्या डोहात मासळी धरून नेण्यास बारा महिने बंदी. नोंदणी केलेल्या हौशी मंडळींना पास घेऊन, धरून सोडून देण्याच्या अटीवर परवानगी. खाली जोडपत्र, म्हणजे धर्माची साक्ष, माझ्या अक्षरातली. तिच्याखाली त्याची सही, वळणदार, सातवी पास माणसाची.

कोणी ओरडलं नाही. रतन शांतपणे म्हणाला, "धर्मादादानी डो देऊन टाकला." बस. एवढंच.

त्यानंतर पाड्याने धर्माशी भांडण काही केलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. त्याच्या घरी कोणी बसायला येईना. होडी ओढायला हाक मारली की हात कामात असायचे. नारळी पौर्णिमेला वाजतगाजत सगळे किनाऱ्यावर गेले, त्याला बोलावणं नव्हतं. पुतळाबाई पहाटे धक्क्यावर जाऊन बर्फातली मासळी आणायला लागली. आमच्या गेटवरच्या बायका ती दाबून बघायच्या आणि म्हणायच्या, "ताजी नाही गं." आणि आमच्याकडची भांडी आता दोन महिन्यांची राहिली नाहीत, बारमाही झाली.

मी अर्ज केले. तीन केले. साक्षीदाराचं खरं म्हणणं अमुक होतं, त्याच्या बायकोला त्या काळात घरकाम करावं लागतं, वगैरे. उत्तर आलं, की मूळ साक्षीचं भाषांतर अर्जदारानेच केलेलं असून त्यात तसा उल्लेख नाही. आता याला काय म्हणायचं? आपलेच दात, आपलेच ओठ.

चैतन्य मला भेटायला घरी आला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "मला वाटलं होतं ते दोन महिनेच बंद करतील," असं तो परत परत म्हणत होता. मग धर्माकडे गेला आणि म्हणाला, "काका, तुम्ही आमचे गाइड व्हा. कुठे मासा आहे तुम्हालाच कळतं. शिवाय जागेवर लक्ष ठेवायला माणूस हवाच आहे. जॅकेट देऊ, शिट्टी देऊ."

धर्मा त्याला रागावला नाही. पाणी दिलं, गूळ दिला. तो गेल्यावर मला म्हणाला, "माझ्याच दारावर मना भालदार ठेवतंय. पोरगा चांगला हाय. पन त्याला समजत नाय."

पुढच्या वटपौर्णिमेला फांदी कोणी रोवली नाही. रोवणार कोण आणि कोणासाठी? आषाढ लागला. धो धो पावसात दांडीवाले येत नाहीत, त्यांना तो मोसमच नाही. एका मंगळवारी, भर दुपारी, मी गॅलरीत उभा होतो. तिवरांच्या पलीकडे डोहाच्या वळणावर होड्या दिसल्या. एक नाही, पाच. जाळी टाकून बसल्या होत्या. धर्माचा तो एक काका सोडला तर पाच पिढ्यांत ज्या महिन्यात तिथे वल्हं वाजलं नव्हतं त्या महिन्यात. मी छत्री घेऊन पळत किनाऱ्यावर गेलो. पाचवी होडी धर्माची होती.

जाळं वर आलं तेव्हा त्यात हातभर लांब चार जिताडे होते, पोटं तटतटलेली. रतनच्या होडीत आणखी. गंमत म्हणजे रतन आज धर्माशी बोलत होता. इतक्या महिन्यांनी. "दादा, तो कोपरा धर," वगैरे. पाड्याने त्याला परत घेतलं होतं.

तो किनाऱ्याला लागला तसा मी ओरडलोच. "धर्मा, अरे काय केलंस हे? गाभोळीवरची! आषाढात? तू?"

तो होडी ओढत होता. थांबला नाही. "भाऊ, आपला घर होता तवर दिवा लावला. आता घर त्यांचा हाय. परक्याच्या घरातला नेम मी कशाला पालू?"

"अरे पण मासळी संपेल ना! दोन वर्षांत डोह रिकामा होईल."

"व्हयल," तो म्हणाला. "तुमच्या कागदात तेच लिवलंय ना? आमचा भागतंय म्हनून."

त्याच्या तोंडावर राग नव्हता. चारी जिताडे त्याने टोपलीत ठेवले, वर ओलं गोणपाट टाकलं.

संध्याकाळी पुतळाबाई दाराशी आली, तीच टोपली घेऊन. कुंदाने, माझ्या बायकोने, गोणपाट उचललं आणि माझ्याकडे वळून बघितलं. तिला सगळी हकीकत मी दुपारीच सांगितली होती. पुतळाबाईनेही बघितलं. या वेळी त्या नजरेत विचारणं काही नव्हतं. तिने नुसती कोयती टेकवली आणि विचारलं, "कापून देऊ काय, भाऊ?"

मी हो म्हणालो. तिने पोट फोडलं आणि ओंजळभर पिवळी गाभोळी आमच्या ताटात ठेवली.