पोट धरून ओलांडलेला नाका

अणदूरहून निघालो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं आणि अप्पा, माझे वडील, बैलगाडीत पोट धरून आडवे झाले होते. त्यांना काहीच झालं नव्हतं. पोट धरायला मीच सांगितलं होतं. गाव सोडून चाललोय असं कळलं असतं, तर निजामाच्या करोडगिरी नाक्यावर आम्हाला कुणी पुढे जाऊ दिलं नसतं. जकातीचा हा नाका ओलांडला की हिंदुस्थानची हद्द, आणि मग सोलापूर. संशय नको म्हणून सामानही घेतलं नव्हतं. दोन वाकळा, एक तांब्या, भाकरीचं गाठोडं. माझी बायको गिरिजा गाडीत मागे पाय दुमडून बसली होती.

शिपायानं गाडीत डोकावून विचारलं, "क्या हुआ बुड्ढे को?"

"पेट फूल्या है जी. सोलापूरके दवाखाने को ले जा रहूँ," मी म्हणालो.

अप्पा कण्हले. इतकं खरं कण्हले की गिरिजानं दचकून माझ्याकडे पाहिलं. शिपायानं हात हलवला.

नाका मागे पडल्यावर अप्पा उठून बसले. म्हणाले, "चांगल्या पोटाला वंगाळ म्हणायला लावलंस लेका. हे बरं न्हाय."

तुम्हा अणदूरकरांपैकी जे गावातच राहिले त्यांनी रझाकारांच्या त्या धामधुमीत काय सोसलं, ते मी ऐकून आहे. त्यापुढे आमचं हे रडगाणं सांगायला लाज वाटते. पण जे माझ्यासारखे इकडे आले, त्यांतल्या पुष्कळांना अशी एक खोली ठाऊक असेल.

गिरणीच्या मागच्या चाळीत ती मिळाली. गावी आमच्या बैलांना याहून ऐसपैस जागा होती. एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्यात अप्पांची वाकळ, मधे गिरिजाच्या जुन्या लुगड्याचा पडदा. संडास चाळीच्या टोकाला, आणि त्याच्यापुढे कायम रांग. गावात अप्पांचा मुक्काम ओसरीवर नाहीतर रानात असायचा. चूल मागच्या अंगाला. अप्पा खाकरल्याशिवाय उंबरा ओलांडायचे नाहीत, आणि त्यांचं खाकरणं ऐकलं की गिरिजा पदर सावरून आत सरकायची. इथे आत आणि बाहेर असं काही उरलंच नाही. गिरिजा भिंतीकडे तोंड करून जेवायची, अप्पा भिंतीकडे तोंड करून पडायचे.

मी गिरणीत कामाला लागलो. भोंग्यावर जायचं, भोंग्यावर यायचं. महिना व्हायच्या आत अप्पांचं पोट फुगायला लागलं. सकाळी बरं असायचं. दुपारच्या भाकरीनंतर तट्ट व्हायचं, आणि संध्याकाळी बोटानं टिचकी मारली तर डग्ग्यासारखं वाजायचं. धोतराची गाठ सैल करून ते बसायचे, ढेकर यायची नाही, श्वास वरच्या वर घ्यायचे. कळ आली की वाकळेचं टोक मुठीत धरायचे.

ओवा आणि काळं मीठ चावायला दिलं. बेंबीभोवती हिंगाचा लेप लावला. वीट तापवून, फडक्यात गुंडाळून शेकलं. सुंठ घालून ताक दिलं. जरा उतरायचं, पुन्हा चढायचं. रेशनच्या हरभऱ्यावर माझा संशय होता, म्हणून त्याचं पिठलं बंद केलं. अप्पा म्हणाले, "आता भाकरी बी बंद कर, म्हंजे पोटच ऱ्हानार न्हाय."

शेवटी डिस्पेन्सरीत नेलं. डॉक्टरांनी पोट चाचपलं. उलटी होते का, परसाकडला होतं का, पोट दगडासारखं कडक राहतं का, असं सगळं विचारलं. यातलं काही झालं तर माझ्याकडे न येता सरळ मोठ्या इस्पितळात न्या, असं बजावलं. मग विचारलं, "हवा सरते का, आजोबा?"

गिरिजा तांब्या घेऊन पलीकडेच उभी होती. अप्पा म्हणाले, "सगळं येवस्थित हाय." डॉक्टरांनी बाटलीभर मिक्श्चर दिलं, सावकाश चावून थोडं थोडं खा, जेवल्यावर फिरा, असं सांगितलं. फिरायचं कुठे? त्या अरुंद गॅलरीत बायका निवडत-टिपत बसलेल्या असायच्या.

अप्पांनी आपलं निदान आपणच केलं. "नाक्यावर खोटं बोललो, ते खंडोबानं खरं केलं. अणदूरला त्याच्या पायरीवर भंडारा वाहिल्याबिगर हे उतरायचं न्हाय." मी म्हणालो, रस्त्यावर रझाकारांच्या टोळ्या फिरताहेत, मारून टाकतील. ते म्हणाले, "हितं फुगून मरायचं, तितं तसं मरू. आपला देवसुदीक दर साली नळदुर्गाला जातो, पर फिरून अणदूरला येतो का न्हाय?"

मी घाबरलो. ते खरंच उठून चालू लागले असते. मी गिरिजाला सांगितलं, यांना क्षणभरही नजरेआड होऊ द्यायचं नाही. नळाचं पाणी शेजारणीकडून आणव, भाजी मी येताना आणीन, तू खोली सोडू नकोस. तिनं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, आणि मान हलवली. त्या दिवसापासून अप्पांचं पोट सकाळीही उतरेना.

एके दिवशी भोंगा झाला आणि गेटवर गिरिजा उभी दिसली. पदर खांद्यावर घसरलेला. "मामंजी गेले," ती म्हणाली. "पान्याला शेजारीन न्हवती. म्या घागर घेऊन गेले, तेवढ्यात."

मी गावाकडे जाणाऱ्या हैदराबादच्या रस्त्यानं पळत सुटलो. शहराची शेवटची घरं संपली, म्युनिसिपालिटीची चौकी संपली, ज्वारीची रानं लागली. बऱ्याच अंतरावर एका बांधावर अप्पा बसलेले दिसले. पाय सोडून, बंडी उघडी टाकून. चेहरा निवांत होता. सोलापूरला आल्यापासून मी तसा पाहिला नव्हता.

"उतरलं बघ," ते म्हणाले. "चालता चालता मोकळं झालं. पार मऊ."

मी त्यांच्या पोटावर हात ठेवला. खरंच मऊ होतं. मी त्यांच्या शेजारी बसलो. मला धाप लागली होती आणि रागही आला होता. "आन घरात का मोकळं होत न्हाय?"

ते दुसरीकडे बघायला लागले. मग म्हणाले, "चुलीपाशी सून बसल्याली असती. सारा दीस. तिच्याम्होरं? म्या काय जनावर हाय व्हय?"

"म्हंजे दाबून धरत व्हता? इतके दिस?"

"मग काय करू?"

"आन खंडोबा?"

"त्येला काय दुसरी कामं न्हाईत, म्हाताऱ्याचा वारा अडवत बसायला?" आणि ते हसले. पण हसू ओसरल्यावर धोतर झटकून उठले, आणि गावाकडे तोंड केलं. "आता हितवर आलोच हाय. जातो तसाच."

मी म्हणालो, "अप्पा, म्होरं नाका हाय. आता कोन्तं पोट दाखवनार?"

त्यांनी उघडी बंडी बांधली. मग वळले आणि माझ्या आधी सोलापूरकडे चालू लागले.

गिरिजाला सांगितलं तेव्हा तिनं पिठाचा हात थांबवला नाही. "मला ठावं होतं. म्या नळावरनं आले की मामंजींचं पोट हलकं असायचं. पर सुनंनं हे कुटल्या तोंडानं सांगावं? आन तुमीच हलू नको म्हनलावता."

पुढे असं ठरलं, म्हणजे कुणी कुणाला न सांगताच ठरलं. जेवणं झाली की गिरिजा घागर घेऊन बाहेर पडायची आणि नळाच्या कट्ट्यावर जाऊन बसायची. अप्पा दार लोटून खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या घालायचे, डाव्या कुशीवर पडायचे. परतताना ती घागर उंबऱ्यावर मुद्दाम आपटायची, मग आत यायची. पोट उतरलं. पण त्या कट्ट्याला सावली नव्हती. घागर आपटली की अप्पा उठून बसायचे आणि हळूच म्हणायचे, "माझ्यापायी पोर उन्हात." पोटातून गेलं ते असं दुसरीकडे जाऊन बसलं. गावाला जायचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. ते माझ्या जिवाला जास्त लागलं.

निजामी गेली. त्याच पंधरवड्यात मी अप्पांना गावी पोचवलं. मी मात्र राहिलो नाही. नोकरी होती, पुढे मुलांची शाळा आली. दर वर्षी म्हणायचो, चला सोलापूरला. ते म्हणायचे, "तुझ्या खोलीत माझं पोट मावत न्हाय." सगळे हसायचे, मीही हसायचो. शेवटच्या दुखण्यात त्यांच्यापाशी चुलत्यांची सून होती, गिरिजा नव्हती. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

आता मला दोन खोल्या आहेत आणि मधे कडीचं दार आहे. अणदूरचं घर आम्ही जत्रेला जाऊन उघडतो. गिरिजा मागे चूल पेटवते, मी ओसरीवर बसतो. तिची बांगडी ऐकू येते, बोलणं ऐकू येत नाही. जेवून मी रानापर्यंत जाऊन येतो, कुणी कुठे चाललास म्हणून विचारत नाही. घर म्हणजे मला आता तेवढंच वाटतं: माणसं हाकेच्या अंतरावर आहेत आणि कुणी कुणापुढे अवघडलेलं नाही. अप्पांकडे ते होतं. मी त्यांना त्यातून उचलून नेलं तेव्हा त्यांचा जीव वाचला, हे खरं आहे, आणि मी ते स्वतःला सांगत असतो. सोलापूरची बस संध्याकाळी असते. मी ती अजून एकदाही चुकवलेली नाही.