परीक्षेत पास झालेलं हेल्मेट

साताऱ्याहून निघताना मी बॅगेला माझं हेल्मेट बांधलं, तेव्हा बायको हसली. "इंदूरला काय हेल्मेटं मिळत नाहीत?" मिळतात. पण कसली मिळतात, हे मला कोण सांगणार? प्लास्टिकच्या कारखान्यात आलेला माल तपासण्यात माझी अख्खी नोकरी गेली. बघितल्या बघितल्या मालावर विश्वास ठेवायचा तर पगार कशाचा, असं आमचे साहेब म्हणायचे. निवृत्तीनंतर नोकरी सुटली, खोड तेवढी राहिली.

आणि मी निघालो होतो तेही हेल्मेटसाठीच. माझी थोरली बहीण लग्न होऊन इंदूरला गेली ती तिथलीच झाली. तिच्या मुलीला, मुक्ताला, नुकतीच एका बियाण्यांच्या कंपनीत नोकरी लागली होती. काम सांवेरकडच्या गावांतून फिरायचं, तेही मोटारसायकलवर. ताईचा फोन आला, "पोरगी त्या रस्त्यानं जाते तेव्हा माझा जीव टांगणीला लागतो. ट्रॅक्टर काय, बस काय, सगळे अंगावर येतात. तू ये आणि तिच्यासाठी चांगलं हेल्मेट बघून दे. तुला त्यातलं कळतं." कळतं म्हटल्यावर माणूस जातोच.

स्टेशनवर दाजी स्कूटर घेऊन हजर होते. दाजी म्हणजे माझे मेहुणे. त्यांचे आजोबा होळकरांच्या कचेरीत कारकून होते, तेव्हापासून हे घराणं इंदूरचं. मराठी बोलतात, पण त्यात हिंदीची फोडणी सढळ. "या सालेसाहेब, स्वच्छ शहरात स्वागत आहे!" रस्ते खरंच लख्ख होते. मी मात्र लोकांची डोकी बघत होतो. हेल्मेटं पुष्कळ दिसली. कोपरात अडकवलेली, आरशावर टांगलेली, टाकीवर ठेवलेली. डोक्यावर त्या मानानं कमी.

त्याचा उलगडा पेट्रोल पंपावर झाला. हेल्मेट नसेल तर इथे पेट्रोल देत नाहीत. दाजींच्या डोक्यावर काहीच नव्हतं. त्यांनी माझ्यापुढे हात केला. "द्या ना, दो मिनिटाचं काम आहे."

"तुमचं कुठे आहे?"

"पोलोग्राउंडला गेलंय, तयार व्हायला," असं काहीसं गूढ ते बोलले. मी माझं हेल्मेट दिलं नाही. दुसऱ्याच्या हाती देऊन ते आपटलं तर मला कळणारही नाही. तेवढ्यात रांगेत पुढे असलेल्या एका तरुणानं पेट्रोल भरून झाल्यावर आपलं हेल्मेट काढलं आणि न विचारताच दाजींना दिलं. "ले लो अंकल. सिर तो सबका एक जैसा है." दाजींनी ते घातलं, पेट्रोल भरलं आणि ते परत दिलं. मागच्यानं लगेच त्याच्याकडे हात केला. हळदीकुंकवाच्या ताटासारखं एकच हेल्मेट सगळ्या रांगेतून फिरत होतं. नियमही पाळला जात होता आणि डोकीही उघडीच होती. मला हसू आलं आणि धास्तीही वाटली.

घर तुकोगंजमध्ये. ताईनं पोहे-जलेबी पुढे ठेवली. तिखट आणि गोड एका ताटलीत, वर शेव आणि जीरावन (आंबट-तिखट मसाल्याची भुकटी). या जोडीकडेही मी आधी संशयानंच पाहिलं. मग दुसऱ्यांदा मागून घेतली. "तुझा संशय जिभेपर्यंतच टिकतो," ताई म्हणाली.

दुपारी मुक्ताला घेऊन बाजारात गेलो. रस्त्याच्या कडेला हेल्मेटांचे ढीग, शेजारी दोरीवर रायडिंगची जॅकेटं टांगलेली. एका जॅकेटचं कोपर दाबून पाहिलं, आत उशीचा स्पंज निघाला. विक्रेत्यानं एक हेल्मेट जमिनीवर ठेवलं आणि तो त्यावर चढून उभा राहिला. "देख लो बाबूजी, हाथी भी चढ़ जाए!"

"हत्ती चढतच नाही हो डोक्यावर," मी म्हणालो. "डोकं जोरात आपटतं, त्याचं काय?" त्यानं मागचा आयएसआयचा शिक्का दाखवला. मी त्यावरचा परवाना क्रमांक मोबाइलमधल्या सरकारी ॲपवर टाकला. त्या क्रमांकाचं कोणीच सापडलं नाही. "नेटवर्क की दिक्कत है," तो म्हणाला.

मग काचेच्या दारांच्या एका दुकानात गेलो. तिथे क्रमांक जुळला. बनवणाऱ्याचं नाव जुळलं. मुक्ताच्या डोक्यावर हेल्मेट चढवून पट्टा बांधला, ते हलवलं तर गालाची कातडी त्याच्याबरोबर हलली. मागून बोटं घालून पुढे ढकललं, निघालं नाही. मी खूश झालो. पोरीचा चेहरा मात्र पडला.

"मामा, राहू द्या ना. बाबांना बुरा वाटेल."

"का?"

"त्यांनी ऑलरेडी ठरवलंय. दसऱ्याला पूजा करून ते मला त्यांचंच हेल्मेट देणार आहेत. वो क्या है ना, तो घरातला सेंटिमेंट आहे."

रिकाम्या हातानं परतलो. माझ्या मनात नको ते आलं. मोठ्या सरकारी नोकरीत होते, पेन्शन आहे, आणि पोरीला जुनं हेल्मेट? दाजी चिक्कू आहेत की काय? दुसऱ्या दिवशी ते पोलोग्राउंडला निघाले, तसा मीही मागे बसलो.

पोलोग्राउंड म्हणजे जुना कारखान्यांचा भाग. पत्र्याच्या शेड, ग्राइंडरचा आवाज, हवेत थिनरचा वास. गाड्या रंगवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये दाजींचं हेल्मेट वाळत होतं. निळंशार, चकचकीत, नवी काच बसवलेलं. पेंटर अभिमानानं म्हणाला, "साइड में पूरा पुट्टी भरा है अंकलजी. कोई बोल नहीं सकता कि गिरा हुआ है।"

"गिरा हुआ?" मी विचारलं.

दाजींनी हेल्मेट दोन्ही हातांनी घेतलं आणि मला सगळं सांगितलं. काही वर्षांपूर्वी ते सांवेरच्याच रस्त्यावर पडले होते. ट्रॉलीला चुकवताना गाडी घसरली, डोकं पुलाच्या कठड्यावर आपटलं. ताईनं आम्हाला फोनवर एवढंच सांगितलं होतं, की ते घसरून पडले, थोडं खरचटलं. "डॉक्टर बोलले, हेल्मेट नसतं तर खेळ खतम होता. तेव्हापासून मी हे घालत नाही. देव्हाऱ्याशेजारी ठेवतो. दर दसऱ्याला शस्त्रांबरोबर याची पूजा होते. बाजारातली हेल्मेटं काय, कोणी पण शिक्का मारतो. यानं तर परीक्षा देऊन दाखवली आहे, भिया. पोरीला याच्याहून भरोशाचं काय देऊ?"

चिक्कू म्हणून ज्या माणसाचा मी हिशेब मांडला होता, तो आपल्याजवळचं सगळ्यात मोलाचं मुलीला देऊ पाहत होता. आणि तेच तिच्या जिवावर बेतणार होतं. परतताना ते निळं हेल्मेट माझ्या मांडीवर होतं.

घरी आल्यावर मी ते टेबलावर ठेवलं. ताई, मुक्ता, दाजी समोर बसले.

"दाजी, रागावू नका. मी हे उघडणार."

"तुम्हाला तर प्रसादात पण खडा दिसतो," दाजी म्हणाले. आवाज चढला होता. "ज्यानं माझा जीव वाचवला त्याच्यावर शक?"

"त्यानं तुमचा जीव वाचवला, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. म्हणूनच उघडतोय."

मी आतलं कापड आणि गालाच्या गाद्या काढल्या. आत काळा, टणक थर्माकोल होता. उजव्या कानाच्या वर तो भाकरीच्या पिठावर अंगठा दाबावा तसा बसला होता, आणि तिथून एक चीर मागेपर्यंत गेली होती. वरून कीर्तन, आतून तमाशा.

"कारखान्यात हेल्मेटची परीक्षा कशी घेतात माहीत आहे?" मी म्हणालो. "आत लोखंडी डोकं घालून वरून खाली आपटतात. हा थर्माकोल दबतो, म्हणून डोक्याला मार कमी पोचतो. पण एकदा दबला की तो परत फुगत नाही. म्हणून परीक्षेत पास झालेलं हेल्मेट कधी विकत नाहीत. ते भंगारात जातं. विकतात ती त्याची भावंडं."

दाजींनी हेल्मेट जवळ ओढलं. आत हात घालून ते चाचपडत राहिले. बोटं त्या खळग्यात गेली. मग दुसरा हात आपसूक त्यांच्या स्वतःच्या उजव्या कानाच्या वर गेला, जिथे केसांत अजून एक व्रण आहे.

"ही माझी जागा आहे," ते हळूच म्हणाले. मुक्ताकडे न बघताच पुढे बोलले, "मतलब, यात जे होतं ते सगळं माझ्यावरच खर्च झालं. पोरीसाठी काही उरलंच नाही."

मुक्ता उठून त्यांच्याजवळ बसली. ताईनं पदर डोळ्यांना लावला.

"पंपावर ठेवून देऊ का?" दाजींनी विचारलं. "पेट्रोलपुरतं कोणाच्या कामी येईल."

"नको. कोणीतरी ते घालून पुढे सांवेरला जाईल."

त्यांनी ताईकडून कात्री मागितली आणि पट्टा स्वतः कापला. नंतर बराच वेळ ते गॅलरीत एकटेच उभे होते. मी मुद्दाम तिकडे गेलो नाही.

संध्याकाळी काचेच्या दारांच्या त्याच दुकानात चौघंही गेलो. दाजींनी प्रत्येक हेल्मेट हलवून पाहिलं, परवाना क्रमांक दोनदा तपासायला लावला, दुकानदाराला भंडावून सोडलं. माझ्यापेक्षा जास्त संशय मी पहिल्यांदाच कोणाच्या तोंडावर पाहिला. मग चौघांनी सराफ्यात, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफ बाजारात, भुट्टे का कीस (किसलेल्या मक्याची दुधातली भाजी) खाल्लं.

सकाळी माझी गाडी होती. त्याआधी मुक्ता कामाला निघाली. दाजींनी नव्या हेल्मेटला हळदीकुंकू लावलं, पट्टा स्वतः बांधला, ओढून पाहिला. ती कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली तरी ते फाटकात उभेच होते.

परतीच्या गाडीत बाहेर सोयाबीनची शेतं पिवळी पडलेली दिसत होती. अधूनमधून एखाद्या मोटारसायकलवर हेल्मेट चमकायचं आणि मी उगाच मान वळवून बघायचो. नोकरीत मी हजारो नग पास केले. प्रत्येक वेळी वाटायचं, आपला नग कामाला यावा, वापरणाऱ्यानं नाव काढावं. हा एकच नग असा पास केला, की तो जन्मात कधी कामाला येऊ नये. मुक्ताच्या डोक्यावर उन्हानं त्याचा रंग उडू दे, गाद्या झिजू देत, आणि ते हेल्मेट किती चांगलं होतं हे कोणालाच कधी कळू नये.