मी नगरला गेलो नाही

अजूनही कुणी विचारतं, शिक्षण कुठं झालं? मी पुण्याच्या त्या कॉलेजाचं नाव सांगतो, आणि समोरचा म्हणतो, "अरे वा!" त्या "अरे वा"चा मला राग येतो. माणूस बिचारा चांगलंच बोलत असतो, पण माझ्या कपाळाला आठी पडते. घरी आल्यावर बायको म्हणते, जरा हसून बोलायला तुमचं काय जातं हो? आता तिला काय सांगू? ही गोष्ट मी तिलासुद्धा कधी धड सांगितलेली नाही.

माझे अब्बा दौंडच्या रेल्वे शेडमध्ये ड्रायव्हर होते. कोळशाचं इंजिन, दौंड-मनमाड पॅसिंजर. मी मात्र शिरूरला, मामूंकडं. मामूंना मूलबाळ नव्हतं, आणि अम्माला धास्ती होती की रेल्वेच्या चाळीत राहिलं तर पोरगं शाळा सोडून शेडमध्ये इंजिनं पुसायला लागणार. म्हणून पहिलीपासून मला शिरूरला ठेवलं. एस.टी. स्टँडाजवळ मामूंचं सायकलचं दुकान होतं, त्याच्या मागच्या खोलीत मी वाढलो. महिन्या-दोन महिन्यांनी दौंडला जायचो. तेव्हा अब्बा एकतर ड्यूटीवर असायचे, नाहीतर ड्यूटीवरून येऊन झोपलेले. लहानपणीचे अब्बा आठवायला गेलो तर खाटेवरची पाठच आठवते.

रेल्वेच्या घरात सगळं लिंकवर चालायचं. लिंक म्हणजे कुठल्या ड्रायव्हरनं कुठल्या दिवशी कुठली गाडी न्यायची, त्याचा तक्ता. शेडमध्ये तो लागला की घराघरांत कळायचं, कोण कधी जेवणार आणि कोण कधी झोपणार. आमची ईदसुद्धा लिंक बघून व्हायची. सगळ्या गावाची ईद काल झालेली असली तरी आमच्याकडं शीरखुर्मा अब्बा आल्यावरच.

मी मॅट्रिक झालो ते एकोणीसशे साठच्या आगेमागे. शिरूरच्या शाळेत पहिला आलो. मामूंनी दुकान बंद ठेवून पेढे वाटले, उन्हातान्हात अख्खा बाजार पालथा घातला. हेडमास्तरांनी मला घरी बोलावलं आणि सांगितलं, "पुण्याला जायचं. त्याच कॉलेजात जायचं. आपल्या शाळेतला आजवर कुणी तिथं गेलेला नाही." त्यांनी माझ्या मनात काही आहे का, हे विचारलं नाही. विचारलं असतं तरी माझ्या मनात तेव्हा काही नव्हतंच.

मामू मला पुण्याला घेऊन गेले. ते कॉलेज बघून माझी छातीच दडपली. दगडी इमारती, लांबच लांब व्हरांडे आणि इस्त्रीच्या पँटी घातलेली पोरं. कुणी वाईट वागलं नाही, खोटं कशाला बोलू? कारकुनानं फॉर्म घेतला, मार्क बघितले, मान हलवली. पण दिवसभरात माझ्याशी कुणी एक शब्द जास्तीचा बोललं नाही, आणि मामू तर इतके दबून गेले की पाणीसुद्धा बाहेर रस्त्यावर येऊन प्यायले. आठवड्यानं कळलं, नाव लागलं.

मग अब्बांचा निरोप आला: दौंडला ये, नगरचं कॉलेज बघून येऊ. शिरूरहून नगरला सरळ एस.टी. होती, पण अब्बांना आगगाडी सोडून दुसरं वाहनच माहीत नव्हतं. त्यांनी एक दिवसाची रजा काढली, आणि जन्मात पहिल्यांदा मी माझ्या बापाशेजारी गाडीत बसलो. काय सांगू त्यांची अवस्था! प्रवासी म्हणून बसायची सवयच नव्हती. काष्टीला ब्रेक लागला तर म्हणाले, "हा काय ब्रेक हाय? बैलगाडी थांबवतोय जणू." विसापूरच्या चढाला इंजिन दमलं तर स्वतःच खिडकीला घट्ट धरून पुढं झुकले. मला हसू आवरेना. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण अब्बा माझ्याशी मराठीतच बोलायचे. शिकणाऱ्या पोराशी शाळेच्या भाषेत बोलावं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या दिवशी ते जेवढं बोलले, तेवढं आधीच्या सोळा वर्षांत बोलले नव्हते.

नगरचं कॉलेज नवंच होतं. काही वर्ग पत्र्याखाली, आवारात झाडं माणसाच्या कमरेएवढी. आम्ही वाट चुकून एका प्रयोगशाळेत शिरलो. एक प्राध्यापक बाह्या सारून सूक्ष्मदर्शक दुरुस्त करत होते. त्यांनी आम्हाला हाकललं नाही. कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवला आणि म्हणाले, बघ. मी बघितलं. विटांच्या भिंतीसारखं काहीतरी दिसलं. मग ते अब्बांना म्हणाले, "तुम्हीपण बघा, या."

अब्बांनी टोपी काढली, हात पँटीला पुसले आणि वाकले. बराच वेळ वर बघेचनात. मग म्हणाले, "आयला! रोज खातो की हो आपण हे." प्राध्यापक खळखळून हसले. पुढं अर्धा तास ते दोघं बॉयलरवर बोलत बसले. पाणी किती लागतं, वाफ किती दाबाला सोडायची, असलं सगळं. प्राध्यापक शिकाऊ पोरासारखे प्रश्न विचारत होते आणि अब्बा त्यांना समजावून सांगत होते. मी कोपऱ्यात उभा राहून बघत होतो. मला तिथून हलावंसं वाटत नव्हतं. आपण इथं यायचं, हे मला तिथंच कळलं होतं. मनापासून सांगतो, पक्कं कळलं होतं.

परतीच्या गाडीची वाट बघत आम्ही नगरच्या फलाटावर बसलो. अब्बांनी विचारलं, "मग? कुठलं?"

"तुम्ही सांगा," मी म्हणालो.

"मी काय सांगू? शिकायचं तुला हाय. तुझ्या मनाला येईल तिथं जा." मग म्हणाले, "माझी गाडी हितं वीस मिन्टं उभी ऱ्हाती. इंजनाला पाणी घ्यावं लागतं."

मी नुसतं "हं" म्हणालो. मला वाटलं, गाडीची माहिती सांगतायत.

शिरूरला परत आलो आणि माझी अक्कल गहाण पडली. मामू गिऱ्हाइकागणिक सांगत होते, भाचा पुण्याला चालला. चहावाला मला "या साहेब" म्हणायला लागला. हेडमास्तरांनी तर वर्गावर्गात सांगितलं. नगर म्हटलं की लोक विचारायचे, "का रे, पुण्याला नाव लागलं नाही?" आणि मला ते सहन व्हायचं नाही. इतरांवर ढकलण्यात अर्थ नाही. मला कुणी बांधून पुण्याला नेलं नाही. मला तो मोठेपणा गोड लागला होता. आणि मनाला आणखी एक समजूत घातली, की अब्बांनाही आतून पुणंच हवं असणार. कुठल्या बापाला नको असतं? आठवडाभर घोळ घातला, मग पुण्याला जाऊन प्रवेश घेतला आणि दौंडला एक कार्ड टाकलं: पुण्याचं पक्कं झालं, काळजी नसावी.

पुण्यात माझं काही वाईट झालं नाही आणि चांगलंही झालं नाही. शिरूरचा पहिला नंबर तिथं शेवटून मोजायच्या बाकावर गेला. मी बोलायला तोंड उघडलं की माझे हेल ऐकून पोरं एकमेकांकडं बघायची, म्हणून मी तोंडच उघडेनासा झालो. कुठल्याही प्राध्यापकाला माझं नाव शेवटपर्यंत माहीत नव्हतं. रविवारी होस्टेलवर कुणाकुणाचे वडील यायचे. अब्बा एकदाही आले नाहीत. लिंक जमत नव्हती. मनमाडची गाडी, जाऊन-येऊन दोन दिवस, मग एक दिवसाची झोप.

दौंडवरून पुण्याला मेल यायची. मेल म्हणजे ड्रायव्हरांतला मान. सगळ्यात जुन्या, सगळ्यात सराईत माणसाला मेल मिळायची, आणि नंबर लागला की कुणी सोडत नसे. अब्बांच्या मागचे दोघं-तिघं एव्हाना मेलवर गेले होते. अब्बा आपले पॅसिंजरवरच. मला त्याची लाज वाटायची. आणि रागही यायचा. मेलवर असते तर आठवड्यातून दोनदा पुण्यात आले असते की!

तिसऱ्या वर्षी ईदला घरी गेलो. अब्बांच्या इंजिनात कोळसा टाकणारे फायरमन, पाटसचे काका, शीरखुर्मा प्यायला आले होते. कशावरून तरी मेलचा विषय निघाला आणि मी फटकन बोललो, "तुमच्या मागचे पुढं गेले, अब्बा. तुमच्यात धमकच नाही. तुम्हाला आपली डबड्यासारखी पॅसिंजरच बरी." अम्मानं माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, आता मुस्काटात बसते. काका वाटी खाली ठेवून उठायला लागले. अब्बांनी त्यांना हातानंच बसवलं आणि हसत म्हणाले, "व्हय बाबा, मला न्हाई झेपत मेल. वय झालं." मी माफी मागितली नाही.

पुढच्या हिवाळ्यात अब्बांना ताप आला. छातीत कफ भरला आणि चार दिवसांत गेले. तार मिळाली तशी मी निघालो. मयत माझ्यासाठी थांबवून ठेवली होती. मूठभर माती माझ्या हातून पडली, एवढंच.

तिसऱ्या दिवशी, जियारतीला, म्हणजे फातेहा पढायला, आलेली माणसं गेल्यावर काका मला बाहेर ओट्यावर घेऊन बसले. म्हणाले, "त्या ईदीला तू बोललास, तवाच मी सांगणार व्हतो. त्यांनी मला शपथ घातली व्हती. आता कुणाची शपथ पाळू?"

मग त्यांनी सांगितलं. मी मॅट्रिक झालो, त्याच महिन्यात अब्बांचा मेलचा नंबर लागला होता. शेडच्या फोरमननं आठ दिवसांत सही मागितली. अब्बा मला घेऊन नगरला जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी शेडमध्ये जाऊन नकाराच्या कागदावर सही केली. फोरमन म्हणाला, वेड लागलं का? अब्बा म्हणाले, "पोरगं नगरला येतंय. मी त्याच्या तोंडावर बघितलं. पॅसिंजर सोडली तर त्याला कवा भेटू? जन्मभर त्याला मामानंच संभाळलं."

दहा-बारा दिवसांनी माझं कार्ड आलं. कार्ड हातात घेऊन ते फोरमनकडं गेले, कागद परत मागितला. तोवर कागद वरच्या ऑफिसात गेला होता आणि मेल मागच्या माणसाला मिळाली होती. एकदा सोडलेला नंबर परत मिळत नाही.

"मी त्यांना म्हणलं," काका सांगत होते, "आहो, मेल पुण्यालाच जाती. पोराला कळवा तरी. तर म्हणले, न्हाई, त्याला पुणं आवडलं आसंल. कळलं तर त्याच्या जिवाला लागंल. शिकू दे त्याला."

ईदला मी बोललो त्यानंतर अब्बा काही म्हणाले का, असं मी विचारलं. काका म्हणाले, "मी त्यांना म्हणलं, पोरगं लई लागट बोललं. तर म्हणले, बोलू दे. घरचं हाय म्हणून बोललं."

तेव्हा मला रडू फुटलं. कबरीपाशी फुटलं नव्हतं ते तिथं फुटलं, आणि हुंदक्यांतच मी म्हणालो, "काका, मला नगरलाच जायचं होतं."

काका रागावले नाहीत. म्हणाले, "मग त्यांना तसं म्हणायचं व्हतंस की रं."